मला पळता येत नाही, त्याला ऐकू येत नाही : पाळणाघरात कसं जमवायचं?

पारिजात_७
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सांगलीत एका पाळणाघरात काम करते, नऊ वर्षं झाली. दीड ते पाच वयाची सोळा-सतरा मुलं आणि आम्ही तिघी. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), लांब जायचं तर कुबडी लागते. भरवणं, झोपवणं, शी-शू, गोष्टी सगळं करते, फक्त पळता येत नाही. म्हणून मी माझं सगळं काम आवाजावर बसवलंय. अंगणात मधोमध बाकावर बसायचं, सगळीकडे नजर ठेवायची आणि हाक मारायची. दोन टाळ्या वाजल्या की सगळी पोरं माझ्यासमोर हजर. नऊ वर्षांत एकदाही अडलं नाही.

जूनपासून एक मुलगा आलाय, सव्वातीन वर्षांचा. इथे त्याला बंडू म्हणू. जन्मापासून कर्णबधिर, दोन्ही कानांना मशीन. दुसऱ्याच दिवशी तो अंगणातल्या पाण्याच्या पिंपाजवळ गेला आणि विटेवर पाय ठेवून वर चढायला लागला. मी हाक मारली, परत मारली, टाळ्या वाजवल्या. बाकीची सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली, तो सोडून. मी कॅलिपरचं लॉक लावून, कुबडी घेऊन उठेपर्यंत दुसऱ्या ताई धावल्या म्हणून निभावलं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आमच्या बाई म्हणाल्या, तुला झेपत नसेल तर त्याला दुसऱ्या ताईंच्या गटात देऊ. पण तो माझ्यापाशीच येऊन बसतो. खाली बसताना मी कॅलिपरचं गुडघ्याजवळचं लॉक उघडते ना, तेव्हा खट् होतं, ते त्याला हाताला कळतं. त्यावर तळहात ठेवून वाट बघत बसतो आणि खट् झालं की खुदकन हसतो. मला त्याला सोडायचं नाहीये. कोणी अशा मुलांबरोबर काम केलंय का? काय करू सांगा.

निवडुंग
ताई, आधी तुम्हाला नमस्कार. दोन प्रश्न. मशीन लावल्यावर त्याला किती ऐकू येतं? आणि घरी त्याच्याशी कसं बोलतात, खुणांनी की तोंडाने?

पारिजात_७
बेरा टेस्ट (ऐकण्याची तपासणी) झालीय, दोन्ही कानांना खूप जास्त दोष आहे एवढं त्याच्या आईने सांगितलं. मशीन सात महिन्यांपूर्वी मिळालं. समोर बसून मोठ्याने "आ" केलं तर वळतो, लांबून नाही. आई बँकेत आहे, बाबा फिरतीवर. घरी बोलूनच. खुणा करू नका असं थेरपीच्या ठिकाणी सांगितलंय म्हणे, आणि मला तेच कळत नाहीये, कारण तो स्वतः दिवसभर खुणाच करत असतो!

श्रवणवर्ग
मी कर्णबधिर मुलांची विशेष शिक्षिका आहे, बावीस वर्षं झाली. पारिजातताई, तुमचं काही चुकलेलं नाही. मशीन म्हणजे चष्मा नव्हे की लावला आणि दिसायला लागलं. मशीन सगळेच आवाज मोठे करतं, पंखाही आणि भांडीही, आणि लांबचा आवाज तोवर विरून जातो. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. तेव्हा अंगणात हाक हे साधन त्याच्यासाठी नाहीच असं धरून चाला. हाक जवळून, समोरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून. त्यात तुम्ही आमच्यापेक्षा पुढे आहात, तुम्ही बसलेल्याच असता. आम्ही उभ्या उभ्या बोलतो आणि मुलाला आमची हनुवटी दिसते.

खिडकीकडे पाठ करून बसू नका, तोंडावर अंधार येतो. बोलताना तोंडासमोर हात, पदर, चहाचा कप काही नको. आणि निव्वळ ओठांवर भिस्त ठेवू नका. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पाट, बाट, माट म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. प, ब आणि म मोठ्यांनाही ओठांवरून ओळखता येत नाही, तीन वर्षांच्या पोराने कसं ओळखावं? वस्तू दाखवा, बोट दाखवा, चेहऱ्यावर भाव आणा, आणि वाक्य पूर्ण बोला. "पाणी?" एवढंच नको, "बंडूला पाणी हवंय?" असं.

रोज सकाळी आला की मशीन चालू आहे ना ते बघा. तोंडासमोर जाळीचा कागद किंवा पातळ कापड धरून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज एकेक करून काढा, ऐकू आला की त्याने मणी डब्यात टाकायचा. दोन मिनिटांचा खेळ आहे. काल पाच मणी पडले आणि आज दोनच, तर सेल गेला असेल, मशीनचा कानात बसणारा साचा असतो त्यात मळ असेल नाहीतर सर्दीने कान भरला असेल.

कोकणातला_मास्तर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढं सगळं पाळणाघरातल्या बाईने का करायचं? कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत, तिथे शिकलेले शिक्षक आहेत. मुंबईत तर १८८५ च्या सुमारापासून अशी शाळा आहे. मुलाला तिकडे घाला. इथे त्याचंही नुकसान आणि ताईंच्या जिवाला घोर.

दोन_वेण्या
मास्तर, माझी मुलगी कर्णबधिर आहे म्हणून सांगते. शाळा सकाळी चार तास. पुढे? आईने नोकरी सोडायची? मी सोडली होती. सहा पाळणाघरांचे उंबरे झिजवले, सगळीकडे "आमच्याकडे सोय नाही". एका ठिकाणी तर बाई म्हणाल्या, बाकीच्या मुलांना सवय लागेल. कसली सवय लागणार होती देव जाणे. तुमच्यासारखी एक पारिजात भेटली असती तर माझी अकरा वर्षांची नोकरी गेली नसती.

कोकणातला_मास्तर
ताई, माफ करा. चार तासांचं माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन_वेण्या
माफी कसली दादा. बरं, आता खुणांबद्दल. माझ्या मुलीला साडेतीन वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत ऐकण्याचं यंत्र बसवतात ते, दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून. त्या योजनेत ते पाच वर्षांच्या आत करावं लागतं. आम्हालाही खुणा करू नका, मूल आळशी होईल असंच सांगितलं होतं आणि आम्ही ते कडक पाळलं. आज नऊ वर्षांची आहे, फोनवर आजीशी बोलते. म्हणून माझं मत असं की थेरपीवाले सांगतात ते पाळा. दोन्हीकडून ओढाताण झाली की मूल गोंधळतं.

शांत_संध्याकाळ
मी स्वतः कर्णबधिर आहे. वय ४१. जन्मापासून. मराठी ही मी वाचून शिकलेली भाषा, म्हणून वाक्य इकडचं तिकडे झालं तर समजून घ्या.

दोन_वेण्या, तुमच्या मुलीचं ऐकून आनंद झाला. पण सगळ्यांचं तसं होत नाही. माझ्या वेळी इम्प्लांट नव्हतं. वर्गात हात मांडीखाली ठेवायला लावायचे. "बोल" म्हणायचे. मी "फूल" हा एक शब्द दोन महिने शिकत होतो आणि त्या दोन महिन्यांत मला कोणी गोष्ट सांगितली नाही. संध्याकाळी होस्टेलवर दिवे लागले की मोठी मुलं हातांनी गोष्टी सांगायची, भूत, सिनेमा, गावची जत्रा. मी सात वर्षांचा होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की काल नावाचा दिवस असतो आणि उद्या नावाचा दिवस असतो. त्याआधी आई कामाला जायची तेव्हा ती परत येणार आहे हे मला कोणी सांगू शकलं नव्हतं. मी रोज समजायचो ती कायमची गेली.

पाळणाघरात आलेल्या मुलाला सगळ्यात आधी हे सांगा. आई येणार. कधी येणार. तोंडाने सांगा, हाताने सांगा, चित्र काढून सांगा, पण सांगा.

निवडुंग
हे वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही.

श्रवणवर्ग
दादा, तुमचं लिहिणं आमच्या शिक्षकवर्गात वाचून दाखवू का? नाव अर्थातच नाही सांगणार.

या वादामागे मोठा इतिहास आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांत फक्त बोलण्यावर भर द्यायचा ठराव झाला. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. तो ठराव चुकला होता हे मान्य करून व्हँकुव्हरच्या परिषदेत खेद व्यक्त केला गेला तो २०१० साली. एकशे तीस वर्षं! आमच्या ट्रेनिंगमध्येही खुणांनी बोलणं मागे पडतं हेच शिकवलं जायचं, आणि मीही सुरुवातीची काही वर्षं मुलांचे हात खाली केलेत. त्याचं मला आजही वाईट वाटतं. वर्गात मी जे बघितलंय ते असं की ज्या मुलाला घरी एक तरी भाषा भरभरून मिळाली, त्याला दुसरी जड गेली नाही. अडतात ती कुठलीच भाषा न मिळालेली मुलं.

दोन_वेण्या
शांत_संध्याकाळ दादा, मी तुमचं तीनदा वाचलं. माझी मुलगी रात्री मशीन काढून झोपते, आंघोळीला काढते, पोहायला काढते. तेव्हा आम्ही काय करतो? हातवारेच करतो की! त्याला आम्ही खुणा म्हणत नव्हतो एवढंच. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार, इम्प्लांटनंतर ऐकण्याचा सराव पाहिजेच पाहिजे. पण "मूल गोंधळतं" हे वाक्य मागे घेते.

यॉर्कशायरची_सून
मी लीड्सला नर्सरीत आहे. इकडे कर्णबधिर मुलांसाठी फिरत्या शिक्षिका असतात, त्या नर्सरीत येऊन आम्हालाच शिकवून जातात. ब्रिटिश सांकेतिक भाषेला २०२२ च्या कायद्याने मान्यता मिळाली. गंमत म्हणजे आमच्याकडे एक मूल कर्णबधिर आहे म्हणून सगळ्या वर्गाला खुणा शिकवल्या, तर भांडणं कमी झाली, कारण दोन वर्षांचं पोरगं चावण्याआधी "माझं आहे" म्हणायला लागलं.

दुपारचा_चहा
आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये शिकवा हे.

पारिजात_७
सगळ्यांचे किती आभार मानू. दादा, तुमचं वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर चार चित्रं काढली. जेवण, झोप, अंगण, आणि पर्स खांद्याला लावलेली आई. दर टप्प्याला एक कपड्याचा चिमटा पुढे सरकवायचा. बंडूचा चिमटा बंडूच सरकवतो. पहिल्या दिवशी त्याने चिमटा थेट आईवर नेऊन लावला आणि दाराकडे बघत बसला. मला रडूच आलं. तिसऱ्या दिवशी कळलं त्याला.

सांकेतिक भाषा कुठून शिकू? इथे क्लास नाहीये.

शांत_संध्याकाळ
दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ पासून. त्यांचा कोश व्हिडिओवर फुकट बघता येतो, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. रोज पाच घ्या. पण भाषा व्हिडिओवरून अर्धीच येते. आपल्या गावात कर्णबधिर लोकांची संघटना असेल तर तिथे जा, चहा प्या, बसा. आम्हाला शिकवायला आवडतं. ज्या खुणा बंडूने स्वतः केल्यात त्या मोडू नका. त्या त्याच्या आहेत. त्यांच्या शेजारी नव्या ठेवा.

सातारी_आई
मी एक बोलू का, कदाचित कोणाला आवडणार नाही. माझं मूल पाळणाघरात आहे. पारिजातताईंबद्दल आदर आहे, पण पालक म्हणून माझ्या मनात येतंच की काही झालं तर ताई पळू शकणार नाहीत. हा प्रश्न विचारणं म्हणजे भेदभाव का?

अंगणवाडी_१४
ताई, प्रश्न विचारा की, पण सगळ्यांना विचारा. मी सेविका आहे, माझा डावा हात जन्मतः कोपरापर्यंतच आहे. बाळाला उचलताना मी आधी खाली बसते, बाळ मांडीवर घेते, मग साडीच्या झोळीत बांधून उठते. त्यामुळे माझ्या हातून आजवर मूल पडलं नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई, दोन्ही हात धडधाकट, कडेवर मूल आणि कानाला फोन, पायरी चुकली आणि पडल्या दोघं. आपल्याला काय येत नाही हे ज्याला रोज माहीत असतं तो आधीच तजवीज करून ठेवतो.

आणि पारिजातताई, अंगणवाडीत आम्हाला दिव्यांग मुलांसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचा प्रोटोकॉल, म्हणजे काय कसं करायचं याची पद्धत, आला. मूल लवकर ओळखायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं आणि आशाताई व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीममार्फत पुढे पाठवायचं असं त्यात आहे. आमच्या टीमने एका दोन वर्षांच्या मुलीचा ऐकण्याचा दोष असाच पकडला होता, घरचे म्हणायचे वडलांसारखीच उशिरा बोलणार. तुम्ही खासगी असलात तरी जिल्हा रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीचं केंद्र असतं, तिथे पालक थेट जाऊ शकतात.

पारिजात_७
सातारी_आई, तुमचा राग नाही. मला हे नऊ वर्षांत पुष्कळांनी विचारलंय, तुमच्याइतकं सरळ कोणी नाही, बहुतेक जण मला सोडून आमच्या बाईंना विचारतात. उत्तर असं आहे की मी एकटी सोळा मुलं बघतच नाही, बघूही नये, कोणीच बघू नये. अंगणात नेहमी दोघी. फाटकाची कडी वर आहे, पिंपावर आता झाकण आणि साखळी आहे, आणि ती वीट हलवली. वीट तिथे होती हीच खरी चूक होती, माझा पाय नव्हे. हे मला सुद्धा तुमच्या सगळ्यांशी बोलल्यावर कळलं.

सातारी_आई
पटलं. मी उद्या आमच्या पाळणाघरात जाऊन विटा बघणार आहे.

निवडुंग
विषय थोडा वेगळा, पण महत्त्वाचा. मशीनचे सेल! माझ्या वडलांच्या मशीनचा सेल नातवाने तोंडात घातला होता, नशिबाने गिळला नाही. बटण सेल गिळला तर अन्ननलिका भाजू शकते, काही तासांत. पाळणाघरात तर बाकीची मुलं पण असतात.

श्रवणवर्ग
अगदी बरोबर. लहान मुलांच्या मशीनला सेलच्या कप्प्याचं कुलूप मिळतं, बंडूच्या आईला विचारायला सांगा. वापरलेला सेलही डस्टबिनमध्ये टाकू नका, डबीत घालून घरी परत पाठवा. आणि गिळला अशी शंका जरी आली तरी वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखाना. आणखी एक, सेलवरचा स्टिकर काढला की हवा लागून तो सुरू होतो, परत चिकटवून उपयोग नाही, तेव्हा मुलांना स्टिकर खेळायला देऊ नका.

दुपारचा_चहा
नोकरीबद्दल कोणीच बोललं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचा दाखला असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण. पारिजातताई, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंय ना?

पारिजात_७
कार्ड आहे दादा. सरकारी भरतीत दोनदा बसले, नाही झालं. आता मला मुलंच आवडतात.

पारिजात_७
तीन आठवड्यांनी लिहितेय, धागा वर आणतेय.

अंगणाचं सांगते. हाक चालत नाही म्हटल्यावर मी स्टॅच्यूचा खेळ आणला. माझ्याकडे लाल ओढणी आहे, ती वर धरली की सगळ्यांनी पुतळा व्हायचं, आणि पुतळा होण्याआधी शेजारच्याला हात लावायचा. म्हणजे ज्याने बघितलं नाही त्याच्यापर्यंत हाताने निरोप पोचतो. पहिले चार दिवस नुसता गोंधळ, ढकलाढकली, एकजण पडला. मग बसलं. परवा बंडू पाठमोरा होता, गोगलगाय बघत होता झाडाखाली. मी ओढणी वर केली. साडेचार वर्षांची एक मुलगी, आमची दादाच आहे ती, धावत गेली, त्याच्या खांद्यावर दोनदा बोट ठेवलं आणि माझ्याकडे दाखवलं. तो वळला, ओढणी बघितली आणि एका पायावर पुतळा झाला. मी बाकावरून हललेसुद्धा नाही. टाळी मी आता वाजवतच नाही, सगळ्यांसाठी ओढणीच.

त्याच्या आईशीही बोलले. शांत_संध्याकाळ दादांचं लिहिलेलं वाचायला दिलं. त्या काही बोलल्या नाहीत, मोबाईल परत दिला. पण गेल्या सोमवारी निघताना त्यांनी बंडूला पर्स दाखवली, घड्याळावर बोट फिरवलं आणि परत येण्याची खूण केली. तो रडला नाही.

एक अजून सुटलेलं नाही. दुपारची झोप. झोपताना मशीन काढून डबीत ठेवतो, पडदे ओढलेले असतात. तो बाकीच्यांच्या आधी उठतो, अंधारात कोणाचा चेहरा दिसत नाही आणि एकदम किंचाळतो. मग सगळी पोरं उठतात.

शांत_संध्याकाळ
अंधार म्हणजे आमच्यासाठी तोंड बांधल्यासारखं आणि कानही. त्याच्या गादीजवळ छोटा दिवा ठेवा, आणि दिवा तुमच्या चेहऱ्यावर पडेल असा ठेवा, त्याच्या डोळ्यावर नको. डोळे उघडले की तुम्ही दिसल्या पाहिजेत.

दोन_वेण्या
आमची तर झोपताना माझ्या दंडाला हात लावूनच झोपायची. अजूनही कधीकधी.

अंगणवाडी_१४
गादी भिंतीला लावा ताई, पाठीमागून कोणी येत नाही हे कळलं की मूल निवांत झोपतं.

पारिजात_७
दिवा लावला, गादी भिंतीला लावली आणि मी त्याच्या पायाशी बसले, भाजी निवडत. पावणेतीनला उठला. इकडेतिकडे बघितलं, मी दिसले. हात लांब करून कॅलिपरच्या लॉकवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी ते उघडून परत बंद केलं, खट्. परत झोपला तो, सव्वातीनपर्यंत.

श्रवणवर्गताई, मशीन दोन दिवस शिट्टी मारतंय, आवाज मला ऐकू येतो, त्याला नाही. साचा लहान झाला असेल का?

श्रवणवर्ग
हो, तेच. या वयात कान भराभर वाढतो, साचा काही महिन्यांनी नवीन करावाच लागतो. आईला म्हणावं या आठवड्यातच माप द्यायला घेऊन जा, आणि जाताना सर्दी नाही ना ते बघा.

पारिजात_७
शनिवारी मिरजेला जातायत. मलाही चला म्हणाल्या.